एक चित्र, दोन पडदे

एकच स्लाइड एकाच क्षणी प्रोजेक्टरच्या पडद्यावर आणि टेबलावरच्या मॉनिटरवर दिसते, तेव्हा डोळ्यांपुढची वस्तू एक मानायची की दोन, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. केबल जोडून दोन्हीकडे चित्र उमटवणे हे तंत्रज्ञाचे काम झाले. ते चित्र दोन ठिकाणी असूनही एक कसे, याचा विचार भारतीय दर्शनांनी दोन हजार वर्षांपासून केला आहे. एक देव एकाच वेळी अनेक यज्ञांना कसा हजर राहतो, एक सूर्य अनेक पाणवठ्यांत कसा दिसतो, एक आत्मा अनेक देहांत कसा नांदतो, असे त्या विचाराचे मूळ विषय होते. आज गाभाऱ्यातल्या मूर्तीचे दृश्य मंडपातल्या मोठ्या पडद्यावर आणि घरातल्या मोबाइलवर एकदमच दिसू लागले आहे. त्यामुळे हा जुना वाद पुन्हा व्यवहाराचा झाला आहे: पडद्यापुढे जोडलेले हात देवाला पोचतात का?

प्रश्न आधी साध्या जागी तपासून पाहावा. कोल्हापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात हिरण्यकेशीच्या काठी आजरा हे तालुक्याचे गाव आहे. संकेश्वरहून आंबोलीमार्गे बांद्याकडे जाणारा रस्ता इथून जातो. इथल्या एखाद्या शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या सभागृहात व्याख्यान असो, की घनसाळ भाताच्या लागवडीची माहिती असो, मांडणी ठरलेली असते. समोर पांढरा पडदा, मध्ये प्रोजेक्टर, बाजूला वक्त्यापुढे लॅपटॉप किंवा मॉनिटर. वक्ता मॉनिटरकडे पाहून बोलतो, श्रोते पडद्याकडे पाहून ऐकतात. ‘या स्लाइडमध्ये’ असे वक्ता म्हणतो तेव्हा त्याची नजर एका पृष्ठभागावर असते आणि श्रोत्यांची दुसऱ्या. तरी कोणाचाही घोटाळा होत नाही. दोन पृष्ठभाग, दोन मापे, दोन वेगळ्या रंगछटा, आणि बोलणे मात्र एकाच वस्तूविषयी. हे रोज घडते म्हणून साधे वाटते. विचार करू लागल्यावर ते तितके साधे राहत नाही.

यंत्राच्या बाजूने पाहिले तर ‘मूळ स्लाइड’ दोन्ही पडद्यांवर नसते. संगणकाच्या स्मृतीत चित्राचा प्रत्येक ठिपका अंकांच्या रूपात मांडलेला असतो. त्या अंकांना रंग नसतो, लांबी-रुंदी नसते, आणि ते कोणाला दिसतही नाहीत. त्यांचा संदेश सेकंदाला साधारण 60 वेळा बाहेर पडतो आणि एचडीएमआय किंवा जुन्या व्हीजीए केबलमधून उपकरणांकडे जातो. विंडोजच्या संगणकावर विंडोजची कळ आणि ‘पी’ एकत्र दाबले की चार पर्याय येतात. त्यातला ‘डुप्लिकेट’ निवडला की दोन्हीकडे तेच चित्र उमटते. वक्त्याला वाटते की त्याच्या मॉनिटरवर मूळ आहे आणि समोर त्याची नक्कल. हा समज चुकीचा आहे. मॉनिटरही त्याच संदेशाचा एक ग्राहक असतो, आणि पडद्याहून त्याचा अधिकार जास्त नाही.

जोडणी होताना प्रत्येक उपकरण आपली कुवत संगणकाला कळवते. लॅपटॉपचा पडदा 1920 गुणिले 1080 ठिपक्यांचा आणि प्रोजेक्टर जुना, 1024 गुणिले 768 चा असेल, तर दोघांना झेपेल असे माप घ्यावे लागते. मग लॅपटॉपवरची अक्षरे भुरकट होतात, नाहीतर कडेला काळ्या पट्ट्या येतात. प्रोजेक्टर तिरका बसला असेल तर चौकोनाची वरची बाजू रुंद आणि खालची अरुंद होते. दिवा जुना झाला असेल तर पांढऱ्यावर पिवळी झाक चढते. अशा वेळी कोणी फाइल दुरुस्त करायला बसत नाही. प्रोजेक्टरच्या पायाखाली एखादी वही सरकवली जाते, भिंगाची कडी थोडी फिरवली जाते आणि काम भागते. दोष कोणाच्या खात्यावर टाकायचा हे सभागृहातल्या शिपायालाही कळते.

वेदान्तात याच विवेकाला मध्यवर्ती स्थान आहे. जास्वंदीच्या फुलाशेजारी ठेवलेला स्फटिक लाल दिसतो, पण लाली स्फटिकाची नसते, हे तिथले प्रसिद्ध उदाहरण. ज्याच्या सान्निध्याने वस्तू वेगळी भासते त्याला उपाधी म्हणतात. एका मतानुसार जीवांचे सुखदुःख, त्यांचे लहान-मोठेपण, त्यांची अनेकता ही सगळी उपाधीची देणगी आहे. सभागृहातला पिवळा पडदा आणि भुरकट मॉनिटर हे उपाधीचे नेमके उदाहरण ठरतात, कारण तिथे दोन उपाधी एकमेकांशेजारी असतात आणि एकीने केलेला बदल दुसरीत नाही हे जागेवरच दिसते. एकच पडदा असता तर पिवळेपणा चित्राचाच आहे असे मानायला वाव राहिला असता.

दोन पडद्यांमध्ये एक फरक आणखी खोल आहे आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. मॉनिटरच्या मागे प्रकाश असतो, आणि तो द्रवस्फटिकाच्या थरातून गाळून डोळ्यांपर्यंत येतो. प्रोजेक्टरचा पडदा स्वतः प्रकाशत नाही, अंगावर पडलेला प्रकाश परत फेकतो. प्रोजेक्टरला पांढरा रंग टाकता येतो, लाल टाकता येतो, निळा टाकता येतो. काळा टाकता येत नाही. पांढऱ्या पडद्यावर जे काळे अक्षर दिसते, ती प्रकाश न पडलेली जागा असते. प्रोजेक्टर सुरू होण्यापूर्वी तिथे स्वच्छ पांढरे कापड होते आणि अक्षर दिसत असतानाही तिथे तेच पांढरे कापड असते. आजूबाजूला उजेड पडला म्हणून तेवढा भाग काळा वाटू लागतो. खिडकी उघडली की तेच अक्षर राखाडी होते. श्रोते जे वाचतात, लिहून घेतात, लक्षात ठेवतात, ते न पडलेल्या प्रकाशाचे आकार असतात.

अंधार ही वस्तू आहे की नुसता अभाव, यावर प्राचीन काळी मोठा वाद झाला. वैशेषिकांनी अंधाराला तेजाचा अभाव मानले. भाट्ट मीमांसकांनी तो द्रव्य आहे असे सांगितले, कारण त्याचा काळेपणा दिसतो आणि दिवा हलला की तोही हलताना दिसतो. प्रोजेक्टर वैशेषिकांच्या बाजूने साक्ष देतो, हे स्पष्ट आहे. पण भाट्टांना तसे का वाटले तेही इथेच समजते. अभावाला आकार मिळाला की तो अर्थ वाहू लागतो आणि मग त्याला नाही म्हणणे जड जाते. अंधाराप्रमाणेच अद्वैताच्या परंपरेत अज्ञानही भावरूप, म्हणजे काहीतरी असलेले, मानले गेले. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात अज्ञानाच्या या अस्तित्वाचे खंडन केले आहे. तेच त्या ग्रंथाचे सर्वांत विस्तृत प्रकरण आहे. एका अभावाला खोडून काढण्यासाठी इतक्या ओव्या का लागाव्यात, याचे उत्तर पडद्यावरच्या काळ्या अक्षरात मिळते. ते तिथे नसते आणि तरी सगळे त्यालाच वाचत असतात.

एक वस्तू एकाच वेळी अनेक ठिकाणी कशी, हा प्रश्न नेमक्या याच शब्दांत पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, चर्चिला गेला आहे. निमित्त व्याकरणाचे होते. ‘गाय’ या शब्दाचा अर्थ सर्व गायींत असलेला समान आकार, की समोरची एकेक गाय? वाजप्यायन आकाराच्या बाजूचे, व्याडी एकेका वस्तूच्या बाजूचे. आकार एकच असेल तर तो गोठ्यातल्या, रानातल्या आणि परगावच्या गायीत एकाच वेळी कसा राहील, अशी शंका येते. त्यावर सूर्याचे उदाहरण दिले जाते: सूर्य एकच, पण अनेक ठिकाणच्या लोकांना तो एकदमच दिसतो. महाभाष्य इथे थांबत नाही, आणि त्याचा खरेपणा त्यातच आहे. ते लगेच हरकत घेते की हा दाखला लागू पडत नाही, कारण कोणताही एक पाहणारा सूर्याला अनेक ठिकाणी एकाच वेळी पाहत नाही. मग दुसरा दाखला येतो तो इंद्राचा. शंभर यज्ञांत बोलावलेला एकच इंद्र त्या सगळ्या ठिकाणी एकदमच असतो.

सूर्याच्या दाखल्यात जी उणीव राहिली ती दोन पडद्यांच्या सभागृहात भरून निघते. पुढच्या रांगेत कडेला बसलेल्या श्रोत्याला वक्त्याचा मॉनिटर आणि समोरचा पडदा एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. एक पाहणारा, एक क्षण, दोन जागा. तरी त्याच्या मनात ‘दोन स्लाइड’ असा विचार येत नाही. तंत्राच्या दृष्टीने क्षणही अगदी एक नसतो. प्रोजेक्टर चित्रावर प्रक्रिया करण्यात काही मिलिसेकंद घालवतो आणि मॉनिटरच्या किंचित मागे राहतो. डोळ्याला तो फरक कळत नाही. कळला तरी एकपणाला त्याने बाधा येत नाही, कारण एकपण वेळेवर उभे नसते, उगमावर उभे असते.

इंद्राच्या दाखल्याने मात्र नवी अडचण उभी केली. देवाला शरीर असेल तर तो एकाच वेळी शंभर ठिकाणी कसा जाईल? ही अडचण ब्रह्मसूत्राच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, देवताधिकरणात येते. तिथले पहिले उत्तर असे की देवता अनेक रूपे घेऊ शकतात. योगी सामर्थ्याने अनेक देह धारण करतात, मग देवतांना ते का जमू नये? हे उत्तर श्रद्धावंताला पुरते, चिकित्सकाला पुरत नाही. शंकराचार्य भाष्यात दुसरे उत्तरही देतात, आणि ते अतिशय सूक्ष्म आहे. एका ब्राह्मणाला अनेक यजमान एकाच वेळी जेवू घालू शकत नाहीत. पण अनेक माणसे त्याच ब्राह्मणाला एकाच वेळी नमस्कार करू शकतात. म्हणजे क्रियांचेच दोन प्रकार झाले. काही क्रियांत समोरच्याने काही स्वीकारावे लागते. त्या एका वेळी एकाच ठिकाणी होतात. काही क्रियांत समोरचा केवळ लक्ष्य असतो. त्या कितीही ठिकाणांहून एकदम होऊ शकतात. यज्ञ हा देवतेला उद्देशून केलेला त्याग असल्याने तो दुसऱ्या प्रकारात बसतो, असे भाष्याचे म्हणणे.

मीमांसकांनी तर ही गाठ वेगळ्याच रीतीने सोडवली. जैमिनीच्या सूत्रांवरील शबरभाष्यात देवतेला शरीर नाही, ती हविर्भाग खात नाही आणि प्रसन्न होऊन फळ देते असेही नाही, असे सांगितले आहे. फळ कर्मातून येते. देवतेचे स्थान मंत्रातल्या शब्दात. या मताने हजर राहण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण शब्द एकाच वेळी कितीही ठिकाणी उच्चारता येतो. पुढे भक्तिसंप्रदायांनी शरीर नसलेला देव पत्करला नाही, पण नामाचे हे सामर्थ्य मात्र उचलले. वारकऱ्यांच्या नामस्मरणाला ना पडदा लागतो, ना केबल, ना विजेचा भरवसा.

प्रतिबिंबाच्या प्रश्नावर अद्वैतात दोन प्रमुख भूमिका आहेत. सुरेश्वराचार्यांच्या आभासवादात प्रतिबिंब हा बिंबाहून वेगळा, खोटा आभास आहे. पद्मपाद आणि प्रकाशात्मा यांच्या विवरण परंपरेत प्रतिबिंब बिंबच आहे. आरशात दिसणारा चेहरा खराच चेहरा आहे, फक्त तो ‘तिथे, आरशात’ आहे हे खोटे. दोन पडद्यांच्या बाबतीत दुसरी भूमिका जास्त जुळते. पडद्यावर वाचलेले वाक्य खोटे नसते आणि त्यातला आकडा खरा असेल तर तो दोन्ही पडद्यांवर खराच असतो. ते वाक्य पडद्याचे आहे, हा समज तेवढा चुकीचा. प्रोजेक्टर बंद पडला तर वाक्य नष्ट होत नाही. ते फक्त त्या जागी दिसेनासे होते. ज्ञानेश्वरांच्या पासष्ट ओव्यांच्या चांगदेव पासष्टीत आरशाचा विचार याच दिशेने पुढे जातो. आरसा समोर आल्याने चेहरा निर्माण होत नाही, आरसा गेल्याने तो जात नाही. आरशामुळे फक्त पाहणे घडते.

चौदाव्या शतकातील विद्यारण्यांच्या नावावर असलेल्या पंचदशीत तर पडदा आणि दिवा हे दोन्ही आहेत. सहाव्या, चित्रदीप प्रकरणात कापडावर चित्र तयार होण्याच्या चार अवस्था येतात: धुतलेले कापड, खळ लावून ताठ केलेले, त्यावर रेषा काढलेले आणि शेवटी रंग भरलेले. या चार अवस्था चैतन्याच्या चार अवस्थांशी जुळवल्या आहेत. त्यातले एक निरीक्षण फार नेमके आहे. चित्रातल्या माणसांच्या अंगावरही वस्त्रे रंगवलेली असतात, आणि ज्या खऱ्या कापडावर ती माणसे आहेत त्यासारखीच ती दिसतात. पाहणारा रंगवलेल्या वस्त्राला वस्त्र म्हणतो आणि खऱ्या कापडाकडे त्याचे लक्षच जात नाही. दहाव्या, नाटकदीप प्रकरणात रंगमंचावरचा दिवा आहे. तो यजमानाला, प्रेक्षकांना आणि नर्तकीला सारखाच उजळतो, आणि सगळे उठून गेले तरी जळतच राहतो. तो दिवा म्हणजे साक्षी. व्याख्यान संपून सभागृह रिकामे झाल्यावरही प्रोजेक्टर पांढरा चौकोन टाकत राहतो, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला हे प्रकरण समजायला अवघड जाणार नाही. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा: प्रोजेक्टरच्या दिव्याला आयुष्य असते, त्याचे तास मोजले जातात. साक्षीला ते लागू नाही. दृष्टान्त सगळ्या अंगांनी जुळत नसतो, आणि तो तसा ओढूही नये.

आतापर्यंतचा विचार ‘डुप्लिकेट’पुरता झाला. ‘एक्स्टेंड’ निवडले की परिस्थिती पालटते. श्रोत्यांना फक्त चालू स्लाइड दिसते. वक्त्याच्या मॉनिटरवर तीच स्लाइड लहान आकारात, शेजारी पुढची स्लाइड, खाली त्याची टिपणे आणि कोपऱ्यात सरकणारे घड्याळ. दोन्ही पडदे एकाच फाइलवर चालतात, पण आता ते एकसारखे नाहीत. श्रोत्यांना दिसते ते खरे असते. ते पुरते नसते. अपुऱ्याला खोटे म्हणायचे का? जैन अनेकान्तवादाचे उत्तर इथे सर्वांत न्याय्य वाटते. वस्तूला अनंत धर्म असतात, प्रत्येक कथन एका अंगाने खरे असते, आणि चूक तेव्हा होते जेव्हा एक अंग स्वतःला सगळे समजते. मराठी वाचकाला या विचाराचा अनुभव एका कादंबरीने दिला, आणि तिचे लेखक शिवाजी सावंत हे 31 ऑगस्ट 1940 रोजी आजऱ्यातच जन्मले. 1967 साली आलेल्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाचे आयुष्य एका निवेदकाच्या तोंडून येत नाही. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण आपापल्या जागेवरून ते सांगतात. कुंतीला जे कर्णाच्या जन्मापासून ठाऊक आहे ते दुर्योधनाच्या निवेदनात नाही. कोणी खोटे बोलत नाही आणि कोणा एकाच्या बोलण्यात कर्ण संपत नाही.

पडद्यावर देव दाखवण्याची परंपराही या परिसराला नवी नाही. आजऱ्याहून आंबोली घाट उतरून सावंतवाडीमार्गे कुडाळकडे गेले की पिंगुळी लागते. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी जपली. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवलेले, एकेक चित्र पुढे धरायचे आणि गाऊन कथा सांगायची. त्याच समाजाच्या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात पडद्यामागे दिवा असतो आणि प्रेक्षकांना सावली दिसते. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी 1892 मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, समोर पडदा. स्लाइड दाखवण्याचा मराठीतला हा पहिला मोठा उद्योग. पुढे 1917 मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘लंकादहन’ आला. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या, आणि पडद्यावर राम आला की प्रेक्षक हात जोडत, असे सांगितले जाते. 1987 मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ लागले तेव्हा घरोघरी टीव्हीला हार घातले गेले. या लोकांना अडाणी म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही. साळुंके हे नट आहेत आणि पडदा कापडाचा आहे, हे त्यांना माहीत होते. नमस्कार पडद्याला लागून थांबत नाही, तो पडद्यातून पलीकडे जातो, एवढाच त्यांचा अनुभव होता. शंकराचार्यांच्या दुसऱ्या उत्तराशी तो पूर्णपणे जुळतो.

मंदिर परंपरेने एका देवाच्या अनेक रूपांची सोय पूर्वीच करून ठेवली आहे. रवळनाथ हे आजऱ्याचे ग्रामदैवत. तोच रवळनाथ सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या कितीतरी गावांत आहे. प्रत्येक गाव त्याला ‘आमचा रवळनाथ’ म्हणते आणि दुसऱ्या गावच्या रवळनाथाला परका मानत नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईची मूळ मूर्ती गाभाऱ्यातून हलत नाही, पालखीत उत्सवमूर्ती असते. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोली देवीच्या भेटीला टेंबलाईच्या टेकडीवर जाते तेव्हा देवी गाभाऱ्यात नाही असे कोणी म्हणत नाही, आणि पालखीत नाही असेही म्हणत नाही. देवीचे दोन ठिकाणी असणे भाविकांना कधी विसंगत वाटले नाही. मात्र उत्सवमूर्ती आणि पडदा यांत फरक आहे. उत्सवमूर्तीची पूजा होते, तिला स्नान घातले जाते, नैवेद्य दाखवला जातो. पडद्याला यातले काही करता येत नाही.

अंबाबाईच्या किरणोत्सवात हा फरक सर्वांत ठळकपणे दिसतो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि जानेवारीअखेर मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात आणि गाभाऱ्यापर्यंत पोचतात. ठरलेल्या दिवशी ती चरणांवर, मग वर, मग मुखावर पडावीत अशी अपेक्षा असते. आकाशात ढग किंवा धूळ असली, वाटेत एखादे बांधकाम आडवे आले, तर ती तिथवर जात नाहीत. हा सोहळा अलीकडे पडद्यांवरही पाहता येतो. पण किरण मूर्तीला लागणे ही घटना एकाच ठिकाणी घडते. तिचे दृश्य हजार पडद्यांवर जाईल. त्यातला एकही पडदा त्या किरणाने उबदार होणार नाही. प्रोजेक्टरचा प्रकाश चित्र वाहून आणतो. किरणोत्सवातला प्रकाश काहीच वाहून आणत नाही, तो स्पर्श करतो. दिसणे वाटता येते, स्पर्श वाटता येत नाही.

यातून एक आक्षेप निघतो आणि तो गंभीर आहे. दर्शन हे एकतर्फी पाहणे नाही. भाविक देवाला पाहतो तसा देवही भाविकाला पाहतो, अशी श्रद्धा आहे. पडद्यावर पाहणाऱ्याला मूर्ती दिसते, मूर्तीपुढे मात्र तो नसतो. मग ते दर्शन कसे? उत्तर देवाविषयीच्या धारणेवर अवलंबून आहे. देवाची दृष्टी मूर्तीच्या डोळ्यांपुरतीच मानली, तर पडद्यावरचे दर्शन अपुरे ठरते. पण मग सभामंडपाच्या मागच्या रांगेतल्या, खांबाआड उभ्या असलेल्या भाविकाचेही अपुरे ठरते. देव सर्वसाक्षी मानला, तर त्याला पाहण्यासाठी कॅमेऱ्याची गरज नाही. पडद्याची गरज माणसाला आहे. दोन्हींपैकी दुसरी धारणा संतपरंपरेला धरून आहे आणि तीच मान्य करावी. प्राणप्रतिष्ठा मूर्तीची झालेली असते, पडद्याची नाही, हा मुद्दा खरा आहे. पण तो पूजेच्या अधिकाराचा मुद्दा आहे, नमस्काराच्या नाही.

मार्च 2020 मध्ये महामारीमुळे राज्यातली देवळे बंद झाली आणि त्या वर्षीचे नवरात्र भाविकांविना गेले. गाभाऱ्यात पुजाऱ्यांकडून नित्य पूजा होत राहिली, बाहेरच्यांनी ती पडद्यावर पाहिली. शास्त्रकारांनी कागदावर वेगळ्या केलेल्या दोन प्रकारच्या क्रिया त्या काळात प्रत्यक्षातही वेगळ्या झाल्या. स्नान, अलंकार, नैवेद्य हे एका ठिकाणी, मोजक्या हातांनी. नमस्कार, आरती म्हणणे, नामस्मरण हे घरोघरी. प्रक्षेपण काही क्षण मागे असल्याने एका घरातली आरती दुसऱ्या घरातल्या आरतीच्या थोडी पुढे किंवा मागे होत असे. त्याने कोणाची आरती खोटी ठरली नाही.

म्हणून आजऱ्यातून कोल्हापूरला जाऊ न शकणाऱ्या वृद्ध माणसाने पडद्यापुढे हात जोडले, तर तो नमस्कार पूर्ण मानावा. त्यात काही कमी राहिले असे त्याला कोणी सांगू नये. ओटी भरायची असेल, नैवेद्य दाखवायचा असेल, नवस फेडायचा असेल, तर मात्र देवळात जावे, किंवा आपल्या वतीने जाणाऱ्याच्या हाती ते द्यावे. पडद्यापुढे नारळ फोडून ते साधत नाही. पडद्यावरून पैसे पाठवून ‘ऑनलाइन अभिषेक’ करणाऱ्यानेही एवढे ओळखावे की अभिषेक गाभाऱ्यातच होतो, त्याच्या मोबाइलवर होत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो संकल्प आणि दर्शन. देवस्थानांनी हा भेद भाविकांना स्पष्ट शब्दांत सांगावा आणि पडद्यावरच्या दर्शनाला दर आकारू नये.